तोंड दाखवून जावे

जुने केसपेपर कसे, सुतळीनं बांधले, माळ्यावर टाकले, संपलं. किस्से मेले माळ्यावर राहतच नाहीत! चहाचा कप हातात आला की एकेक खाली उडी मारतो. मी वर्ध्याच्या आमच्या दवाखान्यात रेकॉर्ड क्लार्क होतो. तोंडाच्या कॅन्सरवरच्या नव्या इंजेक्शनची ट्रायल आमच्या वॉर्डात चालली होती. मुंबई-पुण्यात नाही हो, आमच्या वर्ध्यात! एकोणीसशे पंचावन्न-छप्पन साली!

पुण्याकडच्या एक डॉक्टरबाई ती चालवायच्या. ऑपरेशन सगळ्यांचं, नवं इंजेक्शन निम्म्यांना, बाकीच्यांना नाही. कोणाला, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. ट्रायलला पैसे देणाऱ्या मुंबईच्या साहेबांची अट एकच होती. वर्षभर प्रत्येक पेशंट ठरल्या तारखेला तपासणीला आलाच पाहिजे. सगळे आले तर वॉर्ड दुप्पट, एकही सुटला तर काम बंद!

*

पहिल्याच आठवड्यात हिंगणघाटचा एक पेशंट काळ्या कोटातला वकील घेऊन आला.

"बाईनं माह्यावर ट्रायल लावली म्हने! म्या केलं काय?"

वकीलसाहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, माझ्या अशिलावर आरोप काय?"

बाई म्हणाल्या, "याच्यावर काहीच नाही. आरोपी याच्या खिशात आहे. तंबाखू!"

पेशंटनं मुकाट्यानं पुडी काढून टेबलावर ठेवली. वकिलानंही ठेवली!

*

एक कापडाचे शेटजी होते. पाकीट पाहून भडकले.

"आमी दुकानात धा थान उलगडून दाखवतो. तुमी एक पाकीट उघडून दाखवत नाई?"

"शेटजी, आत काय आहे ते मलाही माहीत नाही."

"आन् कोनतं इलाज चांगला, ते बी मालूम नाई?"

"ते माहीत असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता!"

शेटजी तिथंच फतकल मारून बसले. "जिंदगीत पयली डॉक्टर भेटली खरं बोलनारी. लिवा हो बाबू माह्यं नाव!"

*

तारखेची आठवण द्यायला पोस्टकार्डं मीच लिहायचो. तोंडाचा आजार, तोंडाची तपासणी, म्हणून मी सरळ लिहिलं, 'सोमवारी तोंड दाखवून जावे.'

आर्वीकडचे एक पाटील सोमवारी तणतणत आले.

"काऊन हो बाबू! पोस्टमननं पारावर मोठ्यानं वाचलं! सारं गाव इचारून राह्यलं, पाटील, तुमी असं केलं तरी काय? मी काय तोंड लपवून राह्यलो?"

मी टेबलाखाली जायचाच बाकी होतो. बाई शांतपणे टॉर्च घेऊन आल्या. "बरं झालं रागावलात. आता तसंच उघडं ठेवा!"

जखम छान भरली होती.

*

लोक आधी ट्रायलला भ्यायचे. पुढे एका गावाहून अर्ज आला, खाली अंगठेच अंगठे: 'सेलूचे चार पेशंट घेतले, आमचा एकही नाही. हा आमच्या गावावर अन्याय आहे!' बाईंनी तो मुंबईला पाठवला. अजूनही सांगताना माझी छाती फुगते.

*

आणि एक सिंदीचा किसन. कापसाच्या जिनात हमाली करायचा. चिठ्ठीत त्याला इंजेक्शन आलं नव्हतं, तरी एकही तारीख त्यानं चुकवली नव्हती. शेवटची तपासणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी होती. मुंबईचे साहेब समोर रजिस्टर उघडून बसलेले. दुपारपर्यंत सगळ्यांची नावं झाली, किसनचं राहिलं. बाई दहा वेळा दाराकडे बघून आल्या. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो.

तीनच्या सुमाराला किसन आला. अंगावर पांढरे स्वच्छ कपडे, पाय धुळीनं भरलेले.

"काल नागपूरले दीक्षा घेतली, बाई. गाडीत पाय ठेवाले जागा नोती. सिंदी आली, पन उतरलो नाई. म्हटलं, आज तारीख हाये."

बाईंनी तोंड तपासलं. साफ होतं. त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी ते लपवलेही नाहीत. साहेबांनी रजिस्टर मिटलं. "सगळे आले. पुढच्या वर्षी वॉर्ड दुप्पट!"

किसन हलेना. "बाबू, माह्या कागदावर जात लिवली हाये. ते खोडा. बौद्ध लिवा."

मी घाबरलो. माझ्याच अक्षरात तिथं 'महार' लिहिलेलं होतं. "अरे किसन, या कागदांवर खाडाखोड चालत नाही रे! साहेबांसमोर काय सांगतोस!"

साहेब म्हणाले, "चालते. एकच रेघ मारायची, नवा शब्द लिहायचा आणि शेजारी सही. माहिती त्याची आहे, सही त्याची घ्या."

मी रेघ मारली. वर 'बौद्ध' लिहिलं. वर्षभर त्याचा अंगठाच घेत आलो होतो, म्हणून सवयीनं शाईचं पॅड पुढे केलं.

किसननं ते बाजूला सारलं.

"पेन द्या, बाबू."