सोडायचा राहिलेला पाईप

समोरच्या प्लॉटवर परवा स्लॅब टाकला. दिवसातून तीनदा त्यावर पाणी मारतात आणि ओल्या सिमेंटचा थंड, मातकट वास आमच्या गॅलरीत येऊन बसतो. लोकांना त्या वासात नवं घर दिसत असेल. मला आईचा चेहरा दिसतो, आणि मी दार लावून घेतो.

चऱ्होलीतला हा आमचा प्लॉट घेतला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात एक विहीर होती. तोंडावर बाभळीचे काटे टाकलेले, खाली काळं, हलतं पाणी. जागा देणारे म्हातारबाबा म्हणाले, "बुजवा साहेब, न्हाई म्हनत न्हाई. पर एक पाईप वर काढा. पान्याला बी श्वास लागतो." ठेकेदार हसला. "बाबा, ड्रेनेजला पाईप पुरंनात, विहिरीला कुठनं आणू?" मीही हसलो. चार डंपर राडारोडा, वर मुरूम, वर जोतं. पाईप काही सोडला नाही. घरी विहिरीचं सांगितलंही नाही. बुजवलेल्या विहिरीवर आईने पाऊल ठेवलं नसतं, आणि घर तर तिच्यासाठीच होतं. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगत होतो.

दर रविवारी कासारवाडीच्या दोन खोल्यांतून आम्ही बांधकाम बघायला यायचो. आई अर्धवट भिंतींवरून हात फिरवत चालायची. "इथे देव. इथे माझी कॉट." कॉटची जागा नेमकी विहिरीवरच आली. विटा छातीपर्यंत चढल्या होत्या तेव्हा ती एकदा त्या कोपऱ्यात थबकली.

"अरे, खाली पाणी वाजतंय."

"पलीकडे टँकर आलाय, आई."

टँकर नव्हता.

राहायला आल्यावर ती भर दुपारी उठून एकेक नळ तपासायची. सगळे कोरडे. मी तिला आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मग डोक्याच्या. नातेवाइकांना आवाज उतरवून सांगितलं, आईला भास होतात. खरं सांगतो, मलाही ऐकू यायचं: पोहरा बुडावा तसा एक आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी शेवटी तर ती प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायला लागली. "चहा गोड आहे ना रे? की मला नुसतं वाटतंय?"

तिला जाऊन दोन पावसाळे झाले. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. तिच्या कॉटवर बसलो होतो, आणि तो आवाज आला. खाली वाकून फरशीवर तळहात ठेवला. मोठ्याने म्हणालो, "आई, पाणी आहे. खाली विहीर आहे. तुझं बरोबर होतं."

आवाज थांबला. कुणी कान देऊन ऐकावं, तसा.

भिंतींचे रंग बदलतात, माणसं जातात. सांगायचं राहिलेलं मात्र जोत्याखाली जागंच असतं. उद्या गवंडी येणार आहे, त्या कोपऱ्यातली एक फरशी काढायला. "तिथं पाईप कशाला, साहेब?" त्याने फोनवर विचारलं. मी सगळं सांगितलं. एका परक्या माणसाला, इतक्या सहज.