वाळूच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

साडू टीव्हीवर झळकला आणि चिमट्याला जेवण जाईना.

कानामागे कायम चिमटा खोचलेला, म्हणून सगळे त्याला चिमटाच म्हणत. मोबाइल उघडून दुरुस्त करण्यात त्याची सतरा वर्षं गेली होती. साडूचं दुकान रस्त्यापलीकडे, काचेचं. तो कव्हरं विकायचा, काचा चिकटवायचा, बस. पण नेमका त्याच्याच काउंटरवर एक फोन पेटला, कॅमेऱ्यात सापडला, आणि तेवढी आठ सेकंदं चॅनेलवाल्यांनी आठवडाभर दळली. एकच फोन हजारदा जळाला. कंपनीनं ते मोठं मॉडेल परत मागवलं, आणि साडूच्या तोंडाखाली पट्टी आली: मोबाइल तज्ज्ञ.

चिमट्याचा तिळपापड झाला, त्याला कारण होतं. फुगलेली बॅटरी काढली की ती पेटू नये म्हणून तो ती वाळूच्या डब्यात पुरायचा आणि डब्यातच चिठ्ठी लिहून ठेवायचा: मॉडेल, बनल्याचा महिना, फोन कुणाचा. त्या एकाच कंपनीच्या अशा चौदा चिठ्ठ्या साठल्या होत्या. कंपनीच्या केंद्रात तो गेला तेव्हा तासभर बसवून त्याला सांगितलं होतं, बाहेरच्या मेकॅनिकची तक्रार घेत नाही. मग त्यानं हट्टानं ठरवलं, वीस होऊ देत, थेट पेपरातच नेतो. वीस व्हायची वाट बघत तो बसला आणि साडूनं एका फोनात बाजी मारली.

त्यात चौदापैकी नऊ चिठ्ठ्या त्याच फोनच्या धाकट्या मॉडेलच्या. बॅटरी तीच. आणि टीव्हीवर साडू छाती फुगवून सांगत होता, धाकटा अगदी सुरक्षित.

सकाळी शिवणकाम करणाऱ्या मावशी धाकटा फोन घेऊन आल्या. फोनची पाठ उचलली गेली होती. चिमट्यानं झाकण काढलं, आत बॅटरी टम्म. रोज उशाखाली ठेवते, मावशी म्हणाल्या, तुमचे साडूच म्हणाले ना काही होत नाही म्हणून.

पंधरावी चिठ्ठी लिहिताना त्याचा हात थांबला. आणखी किती उशांखाली असतील? त्यानं चॅनेलला फोन लावला. पलीकडच्या पोरीनं विचारलं, पेटतानाचा व्हिडिओ आहे का?

"मी पेटू देत नाही हो. तेच तर माझं काम."

मग नको, म्हणून तिनं ठेवून दिला.

आता ऐकलं जाणारं तोंड एकच होतं. चिमटा तासभर नुसता धुमसला. आपल्या चिठ्ठ्या त्या काचा चिकटवणाऱ्याच्या हातात द्यायच्या? शेवटी डबा काखेत मारून त्यानं रस्ता ओलांडला.

"या साडूभाऊ, बसा," साडू केस विंचरत म्हणाला. "संध्याकाळी परत येतायत चॅनेलवाले."

"म्हणूनच आलोय. हे वाच त्यांच्यापुढे. धाकटं मॉडेलही फुगतंय."

साडूनं चिठ्ठ्या चाळल्या. त्याचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, "नाव कुणाचं सांगू?"

"कुणाचं नको. मॉडेल नीट सांग."

साडू एकदा तरी नावाचा आग्रह करेल, असं त्याला वाटलं होतं. साडूनं केला नाही.

संध्याकाळी कॅमेरा एकेका चिठ्ठीवरून फिरला. गेलं वर्षभर आम्ही नोंदी ठेवतोय, साडू गंभीरपणे सांगत होता, धाकटा फोन आजच बंद करा.

"अहो, अक्षर तुमचं आहे," घरी टीव्हीपुढे चिमट्याची बायको म्हणाली.

"आवाज वाढव."

सकाळी साडूच्या दारात धाकट्या फोनवाल्यांची ही रांग. उघडायला हात चालत नाही, म्हणून तो एकेकाला रस्त्यापलीकडे धाडत होता. तज्ज्ञसाहेबांनी पाठवलंय, पहिलं गिऱ्हाईक म्हणालं. चिमट्यानं दातओठ खात बॅटरी काढली, वाळूत पुरली, सोळावी चिठ्ठी लिहिली. मग पहिल्यांदाच खाली 'बॅटरी काढणारा' असं लिहून सही ठोकली, मॉडेलच्या आकड्याहून दुप्पट मोठी.