फटफटीला लागलेले हात

आरमोरीच्या दवाखान्याची फटफटी वारलू दोनाडकर चालवायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो कामठीच्या फौजी वर्कशॉपात होता, तिथंच शिकला. लढाई संपल्यावर गावी येऊन धानाच्या शेतीला लागला. पुढे दवाखान्याला फौजेतली एक जुनी फटफटी मिळाली, तेव्हा ती चालवणारा आसपास दुसरा कोणी नव्हता.

काम एकच, पण घाईचं. देवीची लस नागपूरहून वडशाच्या स्टेशनवर यायची आणि उन्हात लवकर खराब व्हायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तो डबा आरमोरी, गडचिरोली आणि तिथून जंगलातल्या रस्त्यानं धानोऱ्यापर्यंत पोचवायचा. टोचणारे तिकडे वाट पाहत असत.

चोपन्न सालच्या मोहाच्या दिवसांत वारलू आणि त्याची बायको वच्छला पहाटे फुलं वेचायला गेले. झाडाखाली एक अस्वल त्यांच्याआधीच वेचायला आलं होतं. ते वच्छलावर धावलं, तसा वारलू मध्ये पडला. वच्छलाला ओरखडाही आला नाही. वारलूच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं मात्र गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली.

जखम भरून आली तेव्हा तो वच्छलाला म्हणाला, "क्लच डाव्या हातानं दाबा लागते. मले आता फटफटीवर कोण बसू देईन?"

"बसून तं पाहा," ती म्हणाली. "नाई जमलं तं धान हायेच."

दवाखान्याचे इन्स्पेक्टर गुणवंतराव यांनी त्याचा हात उलटसुलट करून पाहिला. "वारलू, लस वेळेवर पोचते का, तेवढंच मी पाहीन. कशी पोचते ते तू पाहून घे," असं म्हणून त्यांनी किल्ली त्याच्यापुढे ठेवली. त्या शब्दांसाठी वारलू त्यांना जन्मभर मानत राहिला.

क्लच दाबला की इंजिन आणि मागचं चाक एकमेकांपासून सुटतात; सोडला की पुन्हा जोडली जातात. गाडी धावत असली तर वारलूचं अडत नसे. गिअरचा दांडा टाकीच्या उजव्या बाजूला होता. वेग जरा कमी करून तो क्लचशिवायच गिअर बदलायचा. अडायचं ते निघताना. उतार असला तर एकट्यानं जमे. सपाटीवर मात्र दोन माणसं लागत. वारलू गाडीवर बसून दुसरा गिअर टाकायचा, एकानं डाव्या बाजूनं चालत क्लच दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं मागून ढकलायचं. वारलू "सोड" म्हणाला की क्लच सोडायचा. इंजिन धडधडून उठे आणि वारलू पुढे निघून जाई.

सुरुवातीला कोणाला हाक मारायची त्याला लाज वाटे. पण डबा तापत असायचा म्हणून तो हाक मारायचाच. हळूहळू रस्त्यावरची माणसंच हे काम शिकली. वडशाला स्टेशनवरचा हमाल पत्रू न सांगता क्लचला हात घाली. ठाणेगावात रस्त्याकाठच्या घरातली गुणाबाई, पन्नाशीची विधवा, आवाज ऐकला की कामावरून उठून येई आणि तिचा दीर कोलू मागून ढकली.

एकदा हिवाळ्यात पंक्चर काढता काढता अंधार पडला, म्हणून वारलू गुणाबाईच्याच ओसरीवर थांबला. सकाळी थंडी कडाक्याची होती. गुणाबाईनं क्लच दाबला, कोलू ढकलू लागला. फटफटी नेहमीपेक्षा जड जात होती. वारलूनं "सोड" म्हणायच्या आतच इंजिन सुरू झालं आणि गाडीनं उडी घेतली. गुणाबाई दोन पावलं फरफटत जाऊन पडली. वारलू फटफटीसकट धानाच्या तणसाच्या ढिगात शिरला आणि इंजिन बंद पडलं.

"बाई, मी म्हणल्याबिगर काऊन सोडला?" तो तणस झटकत बाहेर आला तोच तापून.

"मी सोडलाच नाई," गुणाबाई गुडघा चोळत म्हणाली. "दाबूनच होती मी."

"सोडल्याबिगर उडी घेते का गाडी?"

कोलूनं फटफटी तणसातून ओढून काढली. गुणाबाई उठली आणि पुन्हा क्लच दाबून उभी राहिली. कोलूनं गाडी ढकलून पाहिली. क्लच पुरता दाबलेला असूनही मागचं चाक मोकळं फिरेना. वारलू खाली बसला आणि एकदम त्याच्या लक्षात आलं. रात्रभराच्या थंडीनं तेल घट्ट झालं होतं आणि क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या. वरून कितीही दाबा, आत त्या सुटतच नव्हत्या.

"बाई, चुकलो," तो म्हणाला. "तुमी दाबूनच होत्या."

"मंग मी का सांगून राह्यली होती? चाल, चहा घे पयले."

त्या दिवसापासून थंडीत निघण्याआधी क्लच दाबायचा आणि चाक सुटेपर्यंत गाडी मागेपुढे हलवायची, असा नेमच झाला.

पुढच्या उन्हाळ्यात धानोऱ्याच्या रस्त्यावर एका नाल्याच्या रेतीत फटफटी बंद पडली. पलीकडे गोंडांची दहाबारा घरं होती, पण माणूस दिसेना. टोचायचा डबा आला म्हणून सगळे घाबरून जंगलात पळाले होते. पाय मुरगळलेला म्हातारा लालसू तेवढा झाडाखाली बसून होता.

वारलूनं त्याला रामराम करून अडचण सांगितली. लालसू त्याच्या हाताकडे पाहत राहिला.

"अस्वल?"

"हो, दादा."

लालसूनं खांद्यावरचं फडकं बाजूला केलं. मानेपासून पाठीपर्यंत जुने खोल वण होते. "मले बी," तो म्हणाला. मग त्यानं झाडीकडे तोंड करून गोंडीत मोठ्यानं हाक दिली.

पहिली आली ती त्याची मुलगी नीलाबाई. मग एकेक करत बाकीचे. वारलूनं नीलाबाईला क्लच कसा दाबायचा, कसा सोडायचा ते दाखवलं. सगळ्यांनी मिळून गाडी रेतीतून काढून घट्ट रस्त्यावर आणली, पुन्हा ढकलली, नीलाबाईनं बरोबर वेळेवर क्लच सोडला. इंजिन उठलं तसे सगळे हसले.

"टोचल्यावर ताप येते?" लालसूनं विचारलं.

"येते. फोड बी येते. मंग देवी येत नाई." वारलूनं बाही वर करून आपल्या दंडावरचा वण दाखवला.

धानोऱ्याहून परतताना तो टोचणाऱ्याला मागे बसवून आला. कोणी पळालं नाही. नीलाबाईनं आपल्या मुलीचा दंड आधी पुढे केला.

अठ्ठावन्न साली दवाखान्याला जीप मिळाली आणि वारलूला दवाखान्यातच औषधं देण्याचं काम लागलं. त्या वर्षी नवं धान घरी आल्यावर त्यानं बैलगाडी जुंपली, तांदळाच्या पिशव्या भरल्या आणि वच्छलाला घेऊन त्या रस्त्यानं निघाला.

"तांदूळ काऊन आणला? आमच्या घरी का धान नाई?" गुणाबाई रागावली, पण पिशवी घेतली आणि दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

चौथ्या दिवशी ते लालसूच्या गावी पोचले. वच्छला नीलाबाईजवळ बसली. "माह्या माणसाची रोजी तुमीनं राखली, बाई," ती म्हणाली. नीलाबाईला त्यातलं निम्मंच कळलं असेल. ती आत गेली, चारोळीचं एक गाठोडं आणून वच्छलाच्या ओटीत ठेवलं आणि दोघांसाठी चुलीवर आंबील ढवळायला बसली.