वाचून न दाखवलेली जबानी

कळव्याच्या मिठागरात राबणारा धर्मा, ह्याच्यावर अन्याय झाला तो गेल्या ज्येष्ठातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, कल्याणच्या खाडीकाठी पडलेल्या फौजेच्या छावणीत. मिठाची सरकारी चौकी जळाली, पहाऱ्यावरचा शिपाई मेला, आणि आळ धर्मावर आला. सरकार ह्याला बंड म्हणते, आणि एकदा बंड म्हटले की सेशन कोर्ट नको, पंच नकोत, वकील नको... तीन फौजी साहेब आणि एक टेबल पुरे. त्या टेबलाशी दुभाषी म्हणून ठाण्याच्या कोर्टातून बोलावलेला माणूस म्हणजे माझा मित्र दत्तू. तो जाऊन आज पाच आठवडे झाले. बातमी मला कल्याण स्टेशनात तिकीटबाबूने दिली. “तुमचा तो दुभाषी गेला हो, तापानं.” खरे सांगतो, पहिल्याने रडू आले नाही. मनात आले, झाले! आता लोक ह्यालाच डोक्यावर घेणार.

आम्ही एकाच शाळेत, एकाच बाकावर. पहिला नंबर माझा, निबंध माझा, बक्षीस माझे. दत्तूचे वडील मिठाच्या चौकीवर कारकून. हा शाळा सुटली की मिठागरातल्या बायांशी गप्पा मारायचा आणि त्यांच्या बोलीत वर्गात उत्तर देऊन छडी खायचा. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. पुढे त्याच बोलीवर तो कोर्टात चढला, आणि मी राहिलो पत्रके छापत.

त्या सोमवारी दुपारी तो थेट माझ्या ओट्यावर येऊन बसला. पाणी प्यायला आणि म्हणाला, “नोकरी गेली बहुतेक.” कोर्टाची रीत अशी की आरोपीची जबानी इंग्रजीत उतरली, की दुभाष्याने ती त्याला त्याच्या बोलीत परत वाचून दाखवायची. आरोपी म्हणणार, हो, हे मीच बोललो. किंवा म्हणणार, हे खोटे. मग अंगठा, मग दुभाष्याची सही. छावणीत साहेबाने कागद नुसता पुढे सरकवला. दत्तू म्हणाला, आधी ह्याला वाचून दाखवतो. साहेब म्हणाला, ही तुमची कचेरी नव्हे. तेव्हा दत्तूने लेखणी टेबलावर ठेवली आणि उठून आला. कागद बिनसहीचा राहिला, चौकशी अडली, धर्माला ठाण्याच्या तुरुंगात ठेवले.

एक सही नाकारली, आणि फौजेचे टेबल थांबले! माझ्या पत्रकांनी एक खुर्ची हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ‘निरपराध धर्माची हाक’ लिहिले आणि कोपरीला देवळापुढे सभा भरवून मोठ्याने वाचले. टाळ्या पडत होत्या. तेवढ्यात मागून दत्तू उठला.

“त्यानं चौकी जाळली नाही, हे तुला कुणी सांगितलं?”

“म्हणजे? तू त्यांच्या बाजूचा की काय?”

“अरे, जबानी मी ऐकली, तरी मला ठाऊक नाही. पण समज, जाळली असेल. मग द्यायचा का फौजेला?”

मी पत्रक चाळू लागलो. कुणीतरी ओरडले, “पत्रकवाले, बोला की आता!” आणि सगळी सभा हसली. धर्माची आई समोरच बसली होती. ती म्हणाली, “तुजा कागुद लय मोठा रं बाबा. पन दत्तूभाव बोल्तो ता समजतं.” ते वाक्य माझ्या अंगाला अजून चिकटून आहे...

माझे दुसरे पत्रक तुम्ही वाचले असेल. ‘गुन्हा शाबीत करायला कोर्ट असते, आधी गुन्हा शाबीत धरून मग कोर्ट निवडायचे, हा न्याय कसला?’ ह्या ओळीसाठी पुण्याहून शाबासकीची पत्रे आली. ओळ दत्तूची आहे. सभेहून परतताना तो सहज बोलला होता. मी घरी येऊन उतरवली आणि खाली माझे नाव घातले. तो तापाने पडला होता तेव्हा ते पत्रक त्याच्या उशाशी होते. “बरं लिहिलंयस रे,” एवढेच म्हणाला. शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

त्याला पोचवायला मिठागरे ओस टाकून माणसे आली. एका बिननोकरीच्या दुभाष्याला खांदा द्यायला रांग! मी त्या रांगेत उभा राहून जळत होतो, आणि आजही जळतो. त्याच्या बोलीवर, त्याच्या हिमतीवर, आणि धर्माबद्दल “मला ठाऊक नाही” असे भर सभेत म्हणण्यावर. ते मला कधी जमलेच नाही.

आता छावणीवाले नवा दुभाषी शोधताहेत. मिळाला की धर्माची जबानी पुन्हा त्याच टेबलावर, आणि पुढे फास. त्याला ठाण्याच्या सेशन कोर्टात, उघड्या दाराने, पंचांपुढे उभा करा, असा अर्ज गव्हर्नरसाहेबांकडे जायचा आहे. तो अर्ज कल्याणला माझ्या घरी आहे. धर्मा निरपराध आहे, असे त्यात आता कुठेही लिहिलेले नाही. ते वाक्य मी माझ्या हाताने खोडले. वाचकहो, या, अर्ज पुरता वाचा, आणि तरीही सही करा.