गोलासमोरचे भूमिपूजन

अकोल्यात आमच्या घरामागे फुटबॉलचे मैदान आहे. कापडगिरणीतील कामगारांनी बाभळी तोडून ते सिद्ध केले, असे वडील सांगत. गिरणी बंद पडली, मैदान राहिले. सकाळी पोलीसभरतीचे उमेदवार तेथे धावतात, सायंकाळी फुटबॉल रंगतो. प्रेक्षकांसाठी गॅलरी मात्र एकाच बाजूस आहे. दुसरी बांधण्याचा संकल्प प्रत्येक नव्या लोकप्रतिनिधीने सोडला आणि प्रत्येक संकल्पाचे पौरोहित्य मी केले. विटेचा स्पर्श न होता इतक्या वेळा पूजिली गेलेली भूमी मी काशीतही पाहिली नाही.

गेल्या हिवाळ्यात नव्या आमदारसाहेबांकडून पुन्हा बोलावणे आले. पूजासाहित्य घेऊन पोहोचलो, तर आमच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, उस्ताद, वाटेतच उभे. व्यवसायाने शिंपी, गृहस्थ मितभाषी.

"गुरुजी, संध्याकाळी फायनल हाये. अमरावतीवाले निघाले. अन् हे गोलासमोरच खड्डा खांदून राहिले. ग्राउंड खराब दिसलं त पंच मॅच त्याइले देऊन टाकतीन."

खड्ड्यापाशी उभा असलेला साहेबांचा कार्यकर्ता म्हणाला, "उस्ताद, ईशान्येलेच खड्डा लागते. गुरुजीनंच सांगतलं होतं मांगं."

ते खरेच होते. मैदान तिरके असल्याने त्याची ईशान्य दिशा नेमकी गोलासमोर येते, आणि आजवरचे सर्व खड्डे माझ्याच आज्ञेने तेथे झाले होते. मी नकाशा मागवला. तो पाहताना माझी मलाच लाज वाटली. शास्त्र ईशान्य मोजते ती बांधायच्या वास्तूची. मी आजन्म मोजली ती मैदानाची. इतक्या पूजांत हे कोणाच्याही ध्यानी आले नाही, कारण वास्तू कोणाच्याही मनात नव्हती.

"चूक माझी," मी म्हणालो. "गॅलरीचा ईशान्य कोपरा तिकडे, लिंबाखाली."

लिंबाखाली मंडप होता. मंडपात सोफे, सोफ्यांवर मान्यवर.

"सायबाले उठवाव लागते काय?" कार्यकर्त्याने दबक्या आवाजात विचारले.

"पृथ्वीमातेसाठी," मी नम्रपणे सांगितले.

मान्यवर उठले. सोफे उन्हात गेले, त्यांच्यामागून साहेबही. खड्डा लिंबाखाली झाला, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. तोवर खेळाडूंनी गोलासमोरची उकरलेली माती पायांनी दाबून सपाट केली होती.

सायंकाळी पंचांनी मैदान तपासून मान डोलावली. सामना पूर्ण झाला; आमचा संघ एका गोलाने हरला. मी सांत्वनासाठी गेलो, तर उस्ताद बूट गोळा करीत होते.

"हारलो, गुरुजी," ते शांतपणे म्हणाले, "पण खेळून हारलो."