झरोक्यातली गोणी

चार दिवसांपासून आमचा गॅस गिझर पाच मिनिटांत विझत होता. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, डोक्याला साबण लावून बाथरूममधून हाक मारायच्या आणि मी तव्यावरची पोळी सोडून धावायचे. सेल बदलले, पाण्याची जाळी धुतली, गिझरला शिव्याही घातल्या. रोज शाळेत उशीर, आणि वर्गात मुलांवर चिडचिड.

आज सकाळी देवपूरहून दुरुस्तीवाले भाऊ आले. त्यांनी गिझरमधली छोटी पायलट ज्योत पेटवली, दार लावून जरा वेळ बघितलं. मग झरोक्यात कोंबलेली गोणी ओढून काढली.

"ताई, गिझर चांगला शे. आठे बाथरूममा हवाच नही शे. हवा कमी पडनी का तो सोताच बंद होस."

मग अक्कांकडे वळले. "अक्का, आंग धोतांना चक्कर येस का?"

"येस ना भाऊ. माले वाटनं, वय व्हयनं."

ती गोणी मीच कोंबली होती. धुळ्याच्या थंडीत अक्कांना वारा लागू नये म्हणून.

भाऊंनी गॅस बंद केला. कोंडलेल्या जागेत गॅसचा विषारी धूर साठतो, चक्कर त्यानेच येते, जीवही जाऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या, तोवर शेगडीवर पाणी तापवा, म्हणाले.

ते गेल्यावर मी अक्कांना विचारलं, चक्कर येते हे मला का नाही सांगितलं?

"तू आधीच किती दमेल शे, माय."

तेव्हापासून कशात मन लागत नाही.

तुमच्या बाथरूमचा झरोका उघडा आहे ना? आणि तुमचा थकलेला चेहरा बघून घरात कोणी काही सांगायचं टाळत नाही ना?