भिंत ढकलणारे सर

शाळेत माझं नाव भोंगा. मुलांनीच ठेवलेलं, आणि खोटं कशाला बोला, शोभणारं. मी खेळाचा मास्तर. मैदानाच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाचा मुलगा थांबायचा, शिवाय रस्त्यावरचा सायकलवालाही. मग घसा बसला, आणि बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, "ओरडणं कायमचं बंद." ते ऐकून बायकोचा चेहरा असा उजळला की डॉक्टरला तिनेच पढवून ठेवलं असावं, असा संशय मला आजही आहे.

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. "सर, वरच्या मजल्यावरची छोटी खोली तुमची. ज्या मुलांना राग आवरत नाही, चारचौघांत मिसळता येत नाही, त्यांना शिकवायचं. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं."

"मी शिकवू?"

"न ओरडता करता येईल असं दुसरं काम माझ्याकडे नाही."

ज्याने उभ्या जन्मात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तो आता थांबायला शिकवणार! रीतसर प्रशिक्षण मिळालं. त्यातही मी शिकवणाऱ्या बाईंना मध्येच तोडत होतो.

पहिल्या तासाला चेहरे ओळखण्याचा खेळ घेतला. मी दुःखी चेहरा केला. एक मुलगा म्हणाला, "पोट दुखतंय." आश्चर्याचा केला. "अजून दुखतंय." आनंदाचा केला, तेव्हा तो काळजीने म्हणाला, "सर, बाहेर जाऊन या." शेवटी बायकोचे फोटो आणले. त्यांतले भाव मुलांनी झटक्यात ओळखले. "या बाई कुणावर तरी वैतागल्यात," असंही एकीने सांगितलं. कुणावर, ते मी सांगितलं नाही.

हे सांगणारी म्हणजे टिचकी. टिचकी मारायचा अवकाश, भडकायची. रांगेत धक्का लागला, खुर्ची उलटी. खडू मोडला, खुर्ची उलटी. तिला मी समजावलं, "आधी मुठी वळतात, मग कान तापतात, मग खुर्ची जाते. कान तापले की उठायचं आणि दोन्ही हातांनी भिंत ढकलायची. अंगातला सगळा जोर भिंतीला द्यायचा."

"भिंत पडली तर?"

"तर शाळेला सुट्टी."

त्या आशेवर ती इमानेइतबारे ढकलू लागली.

एके दिवशी शाळा सुटताना तिचे वडील आले. बसचे ड्रायव्हर, अंगावर अजून गणवेश. दारातूनच कडाडले, "पोरगी घरीसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभी राहते! एवढी कसली शिक्षा करता हो तिला?"

"अहो, ती शिक्षा नाही..."

"मला शिकवू नका! मास्तर आहात की जेलर?"

झालं. मी खुर्ची सरकवून उठलो. 'पोरगी कुणावर गेलीय ते आत्ता कळलं,' हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यात बूट घालणारी टिचकी म्हणाली, "सर, कान."

"काय?"

"लाल झालेत. भिंतीकडे जा."

नियम माझाच. करतो काय? गेलो, आणि ढकलू लागलो. मग तिचा आवाज आला, "बाबा, तुमच्या मुठी वळल्यात."

"गप्प बस."

"पण वळल्यात."

जरा वेळाने माझ्या शेजारी दोन दणकट हात भिंतीला टेकले. वरून चुन्याचा पापुद्रा आमच्या डोक्यांवर पडला.

"हे किती वेळ करायचं असतं?" ड्रायव्हरसाहेबांनी हळूच विचारलं.

"ती सांगेपर्यंत."

तिने आम्हाला चांगला वेळ उभं ठेवलं. तेवढ्यात मी त्यांना सगळं समजावलं. "आम्हाला वाटलं, पोर घाबरून उभी राहते," ते ओशाळून म्हणाले. "विचारलंच नाही कधी." खरं तर भिंतीचं घरी कळवावं, हे मलाही सुचलं नव्हतं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकवणारे आम्ही!

टिचकीच्या खुर्च्या काही लगेच थांबल्या नाहीत. पण उलटवल्यावर ती स्वतःच सरळ करायची, आणि शेजारच्याला विचारायची, "घाबरलास का रे?"

यंदा ती खालच्या मजल्यावरच्या नेहमीच्या मोठ्या वर्गात गेली. परवा मधल्या सुट्टीत धापा टाकत वर आली. "सर, आमच्या नव्या बाई फार ओरडतात. त्यांना शिकवा ना."

"मला त्यांची भीती वाटते," मी खरं ते सांगितलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं, मीच बघते," ती म्हणाली. "पण आज नको. आज त्या रडून आल्यात."